पयला फुगा आभायाचा

नागपूर
९ जानेवारी १९७४

प्रिय देवमनदादा,
सप्रेम जयभीम.

पावसाळ्यापासून पत्र नाही म्हणून रागावला असशील. कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटरची नोकरी म्हणजे विद्यार्थ्यांच्या आधी येणे आणि सरांच्या नंतर जाणे. आईला तू धनजला स्वतःच्या घरी ठेवून घेतलेस, म्हणून मी इथे निश्चिंत आहे. सख्खा भाऊही इतके करत नाही, तू तर मामेभाऊ.

आज एका कामासाठी लिहितो. पेट्रोल किती भडकले ते तुला गॅरेजमध्ये माझ्यापेक्षा जास्त कळत असेल. आमच्या सरांनी मोटार हायड्रोजन वायूवर चालवायची असे मनावर घेतले आहे. हा वायू जळला की धूर होत नाही, पाण्याची वाफ होते. कागदावर सगळे सोपे आहे. इंजिन मात्र दोन मिनिटे चालते, खोकते आणि कार्ब्युरेटरमधून उलटा भडका मारते. वायूचे सिलिंडर मुंबईहून यायला महिना लागतो. सगळे काम माझ्या गळ्यात आहे आणि ते पुढे सरकत नाही.

काल अचानक मामांची आठवण झाली. भिवाजीमामा जत्रेत फुग्यात जो गॅस भरायचे तो हाच. मी तो पुस्तकात शिकलो, तू मामांबरोबर बारा वर्षे त्याची टाकी गावोगाव ओढलीस. तो कसा करायचा, कसा भरायचा, काय सांभाळायचे, सगळे सविस्तर लिही.

आईला नमस्कार.

तुझा,
जगदेव

•

धनज
२० जानेवारी १९७४

जगदेव,
जयभीम.

तुहं पत्र कारंज्याच्या गॅरेजच्या पत्त्यावर आलं. दौलतराव मालकानं पयले स्वतः वाचलं, मंग मले देल्लं. आता साऱ्या कारंज्याले माहीत हाय का नागपूरच्या कॉलेजात माह्यावाचून काम अडलं.

आमी त्याले फुग्याचा गॅस म्हनो. लोखंडी टाकीत कास्टिक सोडा अन् पानी टाकाचं. त्यात जर्मनच्या फुटक्या भांड्याचे तुकडे सोडाचे, झाकन घट्ट लावाचं. टाकी इतकी तापते का हात लावला त साल निंघते. मंग तोंडाले नळी, नळीले फुगा. जवळपास बिडी पेटवू द्याची नाही, मंग तो गावचा पाटील का आसेना. अन् पयला फुगा देवाचा. तो कोनाले इकाचा नाही, धागा न बांधता सोडून द्याचा. बाप तसाच सोडे, मी बी तसाच सोडो. हे इसरू नको.

आता एक गोष्ट बोलतो, हासू नको. बाप जिनगीभर फुगेवाला म्हनून जगला अन् फुगेवाला म्हनून गेला. त्याचं नाव मतदार यादी सोडली त कोन्या कागदावर आलं नाही. तुह्या सायबाच्या कागदावर, खाली, बारीक अक्षरात का होईना, 'भिवाजीचा देवमन' इतलं आलं त मले लय बरं वाटंन. दुसरं काही नको.

आत्याबाई बरी हाय. तुह्यासाठी मुंगवड्या वाळवून राह्यली.

देवमन

•

नागपूर
४ फेब्रुवारी १९७४

प्रिय देवमनदादा,
सप्रेम जयभीम.

तुझे पत्र सरांना वाचून दाखवले. 'जर्मनचे तुकडे' ऐकून ते म्हणाले, हे आता जर्मनीहून मागवायचे की काय? मी सांगितले, सर, आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या भांड्यांना जर्मनची भांडी म्हणतात. सगळी प्रयोगशाळा हसली. मीही हसलो, काय करणार.

पण दादा, 'पहिला फुगा देवाचा' हे काय? छप्पन साली मामांनी दीक्षा घेतली, घरातले देव स्वतःच्या हाताने नाल्यात सोडले. आणि तू अजून देवाच्या नावाने फुगे सोडतोस? विज्ञानाच्या कामात असले काही लिहीत जाऊ नकोस. ती ओळ मी मोठ्याने वाचली नाही. खोडून टाकली. खरे सांगतो, मला लाज वाटली.

नावाचे म्हणशील तर हा माझा शब्द समज. अहवालावर तीन नावे येतील: सरांचे, माझे आणि तुझे. बारीक अक्षरात नाही, बरोबरीने. शिवाय विभागात मेकॅनिकची जागा निघणार आहे. ती तुझ्याशिवाय कोणाला मिळणार?

तोवर एक कर. दौलतरावांची जुनी जीप तुझ्या हाताखाली आहे. तिच्यावर हा गॅस चालवून बघ. उलटा भडका थांबला पाहिजे. आमचे तिथेच अडले आहे.

तुझा,
जगदेव

•

धनज
५ मार्च १९७४

जगदेव,
जयभीम.

पयले तुह्या लाजेचं बोलतो. तू शिकेल मानूस, पन 'देवाचा' शब्द दिसला अन् तुहे डोये मिटले. अरे, दीक्षा झाल्यावर बाप बी देवाचा म्हने ना. तो म्हने, पयला फुगा आभायाचा. नाव बदललं, सोडनं नाही बदललं. मी सवयीनं जुना शब्द लिहिला, ते माहं चुकलं. पन सोडाचा काहून, ते आयक. रिकाम्या टाकीत पयलेच हवा भरून आसते. पयला गॅस त्या हवेत मिसळते. निखळ गॅस चिमनीवानी निवांत जळते. हवा मिसळेल गॅसले ठिनगी लागली त तोफ. मंगरूळच्या जत्रेत एका फुगेवाल्यानं घाईत पयलाच फुगा इकला. गिऱ्हाईक बिडी ओढत व्हतं. फुगा फुटला, जाळ नळीतून टाकीत गेला, टाकी फुटली. फुगेवाल्याची बायको जाग्यावर मेली. बाप तितं उभा व्हता. म्हनून नव्या टाकीतला पयला गॅस सारा सोडून द्याचा, मंगच कामाले घ्याचा. देव म्हन, आभाय म्हन, काहीच नको म्हनू. पन सोड. नाहीत मानूस मरन.

आता जीप. ट्रॅक्टरच्या दोन ट्यूबा गॅसनं भरल्या अन् टपावर बांधल्या. लोकं म्हनत, देवमनच्या जीपले गालफुगी झाली. डायवर आमच्या गॅरेजचा सेवालाल, मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा, निधड्या छातीचा. पयल्या दिवशी असा भडका उडाला का फिल्टर उडून समोरच्या चहावाल्याच्या दुधात पडला. आठ दिवस हेच. मंग मी दवाखान्यातून सलाइनची रिकामी बाटली आनली, पानी भरलं, अन् तिची नळी इंजिनात हवा जाते तितं सोडली. थेंब थेंब पानी आत गेलं का भडका बंद. पानी जास्त झालं त इंजिन मरे, कमी झालं त भडके. सेवालाल पाच दिवस कान लावून बसला, तवा कुठी थेंबाचं प्रमान जमलं. परवा जीप नाक्यापासून दीड मैल गेली. धूर नाही, मांगून नुसतं पानी ठिबके. मी मांगं सायकल हानत व्हतो अन् रडत बी व्हतो, तुले काय लपवू.

पन तुह्या सायबाले खरं सांग. रबर हा गॅस धरत नाही, सांजी भरेल ट्यूब सकाळी पिचकते. लोखंडी टाकी कराल त तीच जीपच्या वजनाची होईन. अन् दीड मैल जाले एका घरचे जर्मनचे भांडे लागले. कारंज्याहून मानोऱ्याले जाचं म्हटलं त अर्ध्या गावाले पत्रावळीवर जेवा लागंन. आमच्या आळीतल्या बाया आता मले दारात उभं करत नाहीत.

मेकॅनिकच्या जाग्याचं कवा व्हते? आत्याबाईले घेऊनच येईन. तिले लेकापाशी राहाचं हाय.

देवमन

•

नागपूर
२० मार्च १९७४

प्रिय देवमनदादा,
सप्रेम जयभीम.

तुझे सात पानी पत्र मिळाले. दोनदा वाचले. सलाइनच्या बाटलीची युक्ती आम्ही लगेच करून पाहिली. इंजिन सलग वीस मिनिटे चालले. सरांनी माझी पाठ थोपटली. त्या वेळी तू हवा होतास.

तुझे पत्र तसेच कोणाला दाखवता येण्यासारखे नव्हते. जत्रा, बिडी, चहावाल्याचे दूध असले सगळे काढून मी त्याचे शुद्ध भाषेत एक पान केले. तेवढे पुरेसे आहे.

जागेचा प्रस्ताव वर गेला आहे, मंजुरीला वेळ लागेल. दरम्यान आम्हाला सरावाचा ड्रायव्हर पाहिजे. सेवालालला पाठवून दे. तुला मागाहून बोलावतोच.

तुझा,
जगदेव

•

धनज
१७ एप्रिल १९७४

जगदेव,
जयभीम.

जयंतीच्या दिवशी वस्तीत पेपर आला. निंबाखाली साऱ्याईच्या मधात चंपत गुरुजीनं मोठ्यानं वाचला. तुहा फोटो, बाजूले तुहे साहेब, अन् मधात सलाइनची बाटली. लोकाईनं टाया वाजवल्या. आत्याबाईनं फोटोवर हात फिरवला. गुरुजीनं बातमी दोनदा वाचली, कारन मी म्हटलं, पुन्हा वाचा. तिच्यात लिहेल व्हतं का पान्याच्या थेंबाची कल्पना डेमॉन्स्ट्रेटर जगदेव याईले आंघोळ करताना सुचली.

आंघोळ करताना. मी तितं टाया वाजवत उभा व्हतो, जगदेव. थांबलो नाही, काहून का थांबलो आसतो त लोकाईले समजलं आसतं अन् तुही इज्जत गेली आसती. घरी आलो, जेवलो नाही. बायकोनं इचारलं, म्हटलं ऊन लागलं.

पेपरवाल्यानं चूक केली आसन, असं मी मनाले समजावून राह्यलो. तूच सांग.

सेवालाल नागपूरहून तांड्यावर लग्नाले आला व्हता. मी त्याले इचारलं, टाकी भरताना पयला गॅस सोडतात का रे? तो म्हने, भरनं आत कुलपात व्हते, मले गाडी भरेल भेटते. म्हनून तुले इचारतो. सोडता का नाही? एका ओळीत लिही.

देवमन

•

नागपूर
२६ एप्रिल १९७४

प्रिय दादा,
जयभीम.

वर्तमानपत्रवाले काय वाटेल ते लिहितात, त्याला मी काय करू? अहवाल छापायला गेला नाही. छापताना तुझे नाव घालण्याचा प्रयत्न करीन. पण एक समजून घे. अहवालात पदवी नसलेल्या माणसाचे नाव कसे घालायचे, असे सर विचारतात. मला त्यांच्याशी भांडता येत नाही. इथे मी एकटाच आपल्यातला आहे, माझ्याकडे दहा डोळे लागलेले असतात.

बारा मे रोजी दिल्लीच्या पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक आहे. त्यासाठी गाडीत नवी मोठी टाकी बसवली आहे, ती त्याच सकाळी भरायची. एवढ्या मोठ्या टाकीतला गॅस सोडून द्यायचा म्हणजे दोन दिवसांचे काम वाया. तुझ्या काळजीबद्दल आभार, पण प्रयोगशाळेत मोजमापे असतात. जत्रेतले तोडगे इथे लागत नाहीत.

जगदेव

•

धनज
३ जून १९७४

जगदेव,

जयभीम लिहीत नाही. हात उठत नाही.

सेवालालले वीस तारखेले एस.टी.तून चौघांनी उतरवलं. उजवा हात मनगटापासून नाही. उजवा डोया नाही. तो सांगे, पाहुने मांडवात बसेल व्हते, तू रुमाल हालवला, त्यानं खांद्यापाशी टाकीची चावी उघडली अन् स्टार्टर मारला. इंजिन एकदा खोकललं. पुढचं त्याले दवाखान्यात आठवलं. तो तिथी आठ दिवस एकटा पडेल व्हता अन् तू एकदा बी गेला नाही, हे त्यानं सांगितलं नाही, मी इचारलं तवा समजलं.

त्याले नागपूरले कोनं धाडलं? मी. कोनाच्या शब्दावर? तुह्या.

काल चौकशी समितीचं रजिस्टर पत्र आलं. चोवीस तारखेले हजर व्हा म्हनते. संगं तुह्या बयानाची नक्कल हाय. घे, तुलेच वाचून दाखवतो: 'कारंजा येथील फुगेवाला देवमन भिवाजी याने सांगितलेल्या अशास्त्रीय पद्धतीने टाकी भरण्यात आली. धोक्याची कोणतीही सूचना त्याने दिली नव्हती.' माहं नाव तीनदा हाय. मी बारीक अक्षरात मांगतलं व्हतं. तू टाईप करून, खाली रेघ मारून देल्लं.

थेंब चालला तवा तो तुह्या आंघोळीतला. टाकी फुटली तवा ते फुगेवाल्याची. मेकॅनिक बी नाही म्हटलं रे तू, फुगेवाला म्हटलं. ज्या शब्दानं लोकं माह्या बापाले हाका मारत तोच निवडून काढला.

परक्यानं केलं आसतं त मी तंडलो आसतो. वैऱ्याचा वार मानूस तोंडावर घेते. तू केसानं गळा कापला, अन् मी मान तुह्या मांडीवर ठिवून निजलो व्हतो. मले रातदिन एकच वाटते का मी येडा कसा झालो.

तुहे चारी पत्रं माह्यापाशी हायेत. आत्याबाईले अजून काही सांगितलं नाही.

देवमन

•

नागपूर
१० जून १९७४

देवमनदादा,
पाया पडतो.

मले माफ कर. मी तसं लिहिलं नाही, माह्याकडून लिहून घेतलं. सर म्हनाले, एक तर तू जाशील नाहीत कोनी बाहेरचा. मी घाबरलो दादा. बायकोले सातवा महिना हाय. तुहं काय जाते? तू नोकरीत नाही, तुले कोनी काढू शकत नाही. समिती तुले समज देईन अन् सोडून देईन. माही मात्र जिनगी बुडंन.

ते चार पत्रं जायून टाक. कोनाले दाखवू नको. त्यातल्या एका ओळीनं मी संपतो. आपल्या समाजातला एक पोरगा कॉलेजात उभा राह्यला, त्याच्याकडं पाहून दहा पोरं शिकून राह्यले. मी पडलो त लोकं म्हनतीन, याईले दिलं की असंच करतात. माह्यासाठी नको, समाजाच्या नावासाठी कर.

अन् माईले सांगू नको. तिले सहन होनार नाही.

तुहाच,
जगदेव

•

धनज
१८ जून १९७४

जगदेवले त्याच्या मायचा आशीर्वाद.

हात देवमनचा हाय, बोल माहे हायेत. मी म्हनीन तेच लिहाचं, मधात तुहं काही घालाचं नाही, असं त्याले बजावलं हाय.

तुहं पत्र आलं तवा त्यानं ते अर्धं वाचून घडी घातली अन् खिशात टाकलं. मी म्हटलं, काय झालं, पोट्टं बिमार हाय का? तो म्हने, काही नाही. मी भिवाजीची बहीन हावो, मानूस खोटं बोलला का मले त्याच्या मानेवरून समजते. म्हटलं, पेटीतले सारे पत्रं काढ. तो काढे ना. मी दोन दिवस चूल पेटवली नाही, तवा काढले. पयल्यापासून वाचाले लावले. तुहं वाचे, अन् आपन काय उत्तर धाडलं ते तोंडानं सांगे. मुंगवड्याचं आलं तवा मले हासू आलं. मंग पुढं हासू आलं नाही.

पयला गॅस सोडाचा हे सांगाले तुले देवमन कायले लागला? तू पाच वर्साचा व्हता, जत्रेत माह्या कडेवर बसून तो फुगा जाताना पाहे. मी तुले सांगे, मामा काहून सोडते ते. तू शिकून इसरला.

अन् इतले सारे पत्रं तू पुस्तकातल्या बोलीत लिहिले. पाया पडाची पाळी आली तवा तुले मायची बोली आठवली.

समाजाच्या नावाचं तू लिहिलं. मी लिहिनं-वाचनं शिकली नाही, पन दीक्षेच्या दिवशी मी नागपूरले उभी व्हती, तू माहं बोट धरून व्हता. खोटं बोलनार नाही, हे मी तिथी हात जोडून म्हटलं हाय. ते म्हटल्यावर आपला समाज झाला. खोटं बोलून त्याचं नाव राखाचं आसन त मंग राखाले उरलं काय? देवमन बी त्याच समाजातला हाय. त्याचं नाव तू पयले खोडून, मंग काळं करून टाकलं. त्यानं माह्यासमोर तुले एक शिवी देल्ली नाही. देल्ली आसती त मले बरं वाटलं आसतं.

परवा मी देवमनले घेऊन मानोऱ्याच्या एस.टी.त बसली. पुढं दोन कोस पायी गेलो. सेवालाल खाटेवर बसेल व्हता. त्याची बायको त्याले भाकरीचा घास भरवत व्हती. तुह्याएवढाच हाय तो. देवमननं त्याच्या मांडीवर पत्राची पुडी ठिवली, तुहे पाचही, हे शेवटचं धरून. त्याले वाचता येत नाही म्हनून सारे वाचून दाखवले. आयकून तो इतलंच म्हनला का मले वाटे, चावी मीच उलटी फिरवली. महिनाभर तो मानूस रोज तेच म्हनत व्हता, बायको सांगे. चोवीस तारखेले तो अन् देवमन समितीपुढं जातीन अन् पत्रं ठिवतीन. मी म्हटलं, ठिवा. कोनी माह्यावर जबरदस्ती केली नाही, हे बी लिहून ठिव.

निंघताना सेवालालच्या बायकोनं मले इचारलं, माय, तुमी कोन? देवमन मधात बोलला, माही आत्या. त्यानं मले वाचवाले पाहिलं. पन ते बी अर्धं खोटंच झालं आसतं. मी म्हटलं, मी जगदेवची माय हावो.

तिचा हात थांबला. बोलाले पायजे व्हतं तिनं.

पोरा, तुह्या नोकरीचं पत्र आलं तवापासून मी बाजारात, वावरात, एस.टी.त, कोनी न इचारता सांगे का मी जगदेवची माय हावो. मान वर करून सांगे. परवा पयल्यांदा खाली घालून सांगितलं.

तुही माय,
गिरजाबाई
(डाव्या हाताचा अंगठा)